विश्लेषण : राज्य न्यायालयानेच अन्याय केला तर अमेरिकेत दाद कुठे?

अमेरिकेत न्यायालयांच्या दोन उतरंडी आहेत : ५० राज्यांची आपापली न्यायालये आणि केंद्राची, म्हणजे फेडरल न्यायालये. आपल्यासारखी जिल्हा ते सर्वोच्च न्यायालय अशी एकच शिडी तिथे नाही. खून, दरोडा, घटस्फोट, घराची जप्ती हे बहुतेक खटले राज्यांकडेच चालतात. मग राज्याच्या न्यायालयाने आरोपीला रीतसर सुनावणीच दिली नाही, तर फेडरल न्यायाधीश हस्तक्षेप करू शकतो का?

कायदा काय सांगतो?

१८६७च्या कायद्याने राज्यांच्या तुरुंगांतील कैद्यांना ‘हेबियस कॉर्पस’साठी फेडरल न्यायालयाचे दार उघडले. पुढच्याच वर्षी १४वी घटनादुरुस्ती आली. रीतसर कायदेशीर प्रक्रियेविना कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्याला हिरावता येणार नाही, असे तिने बजावले. प्रत्यक्षात अर्धशतक उलटले तरी फेडरल न्यायालये राज्यांच्या खटल्यांत डोकावायला नाखूशच होती.

चित्र कधी बदलले?

१९१९मध्ये अर्कान्सासमधील एलेन गावाजवळ कापसाला रास्त भाव मागणारे कृष्णवर्णीय खंडकरी एका चर्चमध्ये जमले होते. तिथे गोळीबार झाला आणि मग कृष्णवर्णीयांचे हत्याकांडच सुरू झाले. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे. फाशी मात्र १२ कृष्णवर्णीयांनाच ठोठावण्यात आली. ज्युरीत सगळे गोरे, न्यायालयाबाहेर खवळलेला जमाव, बचावाच्या वकिलाने एकही साक्षीदार बोलावला नाही. खटला जेमतेम पाऊण तास चालला आणि ज्युरीने पाच मिनिटांच्या आत निकाल दिला! यापैकी सहा जणांचे प्रकरण (मूर विरुद्ध डेम्प्सी) सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. जमावाच्या दहशतीखालचा खटला हा केवळ देखावा असतो आणि राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो दुरुस्त केला नसेल, तर फेडरल न्यायाधीशाने स्वतः तथ्ये तपासलीच पाहिजेत, असा न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या १९२३च्या निकालाचा आशय होता. जानेवारी १९२५पर्यंत बाराही जण सुटले.

दिवाणी दाव्यांचे काय?

तिथे दार जवळजवळ बंदच. त्याच १९२३ साली ‘रूकर’ प्रकरणात ठरले की, राज्य न्यायालयात हरलेल्याला फेडरल जिल्हा न्यायालयात अपिलासारखी दाद मागता येत नाही. राज्यातील अपिले संपवून थेट सर्वोच्च न्यायालय गाठायचे. आणि तिथे फारच थोडी प्रकरणे ऐकली जातात.

१९९६नंतर काय?

ओक्लाहोमा बॉम्बस्फोटानंतर झालेल्या कायद्याने कैद्यांची वाटही अरुंद केली. अर्जाला साधारण एक वर्षाची मुदत आली. शिवाय राज्य न्यायालय निव्वळ चुकले एवढे दाखवून भागत नाही. चूक अवाजवी ठरावी लागते.

याचा जाच किती, हे २०२२च्या ‘शिन विरुद्ध रमिरेझ’ निकालात दिसले. अ‍ॅरिझोनातील फाशीच्या एका कैद्याच्या वकिलाने वैद्यकीय पुरावा तपासलाच नव्हता. राज्यातील पुढच्या टप्प्यावरील वकिलानेही नाही. फेडरल न्यायाधीशाने तो पुरावा ऐकून दोषसिद्धी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा निर्णय फिरवला : राज्यातील नोंदींत नसलेला पुरावा पाहायचाच नाही! वकिलाच्या हलगर्जीपणाची किंमत कैद्याने मोजावी, हा तर्क पचायला जड आहे. २०२३मध्ये तो सुटला, पण न्यायालयाने निर्दोष ठरवल्यामुळे नव्हे. सरकारी वकिलांशी तडजोड करून, कमी गंभीर खुनाचा आरोप कबूल करून.