बालकांचा अवबोध-कारक विकास आणि वाचनक्षमता

इंद्रियांनी टिपलेल्या माहितीचा अर्थ लावणे म्हणजे अवबोध आणि त्या अर्थानुसार शरीराची हालचाल घडविणे म्हणजे कारक क्रिया होय. चेंडू झेलणारे बालक त्याचा वेग व अंतर ताडते आणि नेमक्या क्षणी हात पुढे करते. या दोन प्रक्रियांचा मेळ वयानुसार परिपक्व होत जातो, त्यास अवबोध-कारक विकास म्हटले जाते.

हे नाते किती मूलभूत आहे, हे रिचर्ड हेल्ड व ॲलन हाइन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसून आले. एरवी अंधारात वाढविलेल्या मांजरीच्या पिल्लांपैकी एक स्वतः चालत असे, तर दुसरे त्याच यंत्रणेला टांगलेल्या पाळण्यात बसून फिरे. दोघांनाही दृश्य सारखेच दिसत होते. तरीही पृष्ठभाग जवळ येताच पंजे पुढे करणे, खोल बाजू टाळणे या गोष्टी पाळण्यातील पिल्लास साधल्या नाहीत.

मात्र या नात्यावरून थेट वाचन-लेखनाकडे उडी घेणे ही वेगळी बाब आहे. न्यूवेल केफार्ट यांनी १९६० मध्ये ‘द स्लो लर्नर इन द क्लासरूम’ या ग्रंथात ती घेतली. अध्ययनातील मागासलेपणाचे मूळ कच्च्या कारक पायात आहे, असे मानून त्यांनी अरुंद फळीवरून चालणे, फळ्यावर दोन्ही हातांनी वर्तुळे काढणे असे व्यायाम सुचविले. मारियान फ्रॉस्टिग यांच्या दृश्य-अवबोधाच्या सरावपुस्तिकाही त्याच काळात विशेष शिक्षणात रूढ झाल्या. विचार आकर्षक होता. शिक्षकाला काहीतरी करता येत होते, आणि मुलांना ते आवडतही असे.

केनेथ कॅव्हेल व डेनिस मॅटसन यांनी १९८३ मध्ये अशा प्रशिक्षणावरील १८० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाममान अवघे ०.०८ निघाले. म्हणजेच प्रशिक्षण न घेतलेल्या गटात ५० व्या शतमकावर असणारे बालक प्रशिक्षणानंतर सुमारे ५३ व्या शतमकावर पोहोचते. शालेय संपादणुकीवरील परिणाम तर जवळजवळ शून्य होता. वाचनातील अडचण बहुधा ध्वनी व अक्षर यांची सांगड घालण्यात असते, हे ध्यानात घेता या निष्कर्षाचे आश्चर्य वाटू नये. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळणाऱ्या बालकास त्याच अक्षरांचा उच्चारासह सराव हवा. फळीवरून चालल्याने तो होत नाही. असे असूनही या व्यायामांचा वाचनसुधारणेचा उपाय म्हणून आजही प्रचार होतो, आणि त्यात बालकाच्या वाचनशिक्षणाचा बहुमोल काळ खर्ची पडतो.

याचा अर्थ खेळ व हालचाल गौण आहेत असा नव्हे; त्यांचे मूल्य स्वतंत्र आहे. बालक रांगले नाही म्हणून पुढे वाचनात मागे पडेल, ही भीतीही तपासून पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांच्या कारक टप्प्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४.३ टक्के बालके हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. स्वतंत्र चालण्याचा कालखंड ८.२ ते १७.६ महिने असा विस्तीर्ण आढळला. १८ महिने उलटूनही चालू न लागलेल्या बालकास मात्र व्यायामवर्गात न घालता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे लागते.