पॅड थाय डब्यात का बिघडतं?

सोलापुरात थाय जेवण बहुतेक ठिकाणी चायनीजच्याच यादीत, शेवटच्या ओळींत बसवलेलं असतं. ग्रीन करी, रेड करी, पॅड थाय. मोबाइलवरून मागवलं की डबे दारात येतात. करी बऱ्यापैकी लागते. पॅड थाय मात्र डबा उघडल्यावर गोळा होऊन बाहेर येतं. दर वेळी दोष स्वयंपाक्याचा नसतो.

तांदळातलं पिष्ट गरम पाण्यात फुगतं आणि मऊ होतं. गार होताना तेच पुन्हा घट्ट होतं. सकाळचा भात रात्री कडक लागतो तो यामुळेच. पॅड थायमधल्या तांदळाच्या नूडल्सचं तसंच होतं, शिवाय वाटेत त्या सगळा रस पिऊन टाकतात. बंद डब्यात वाफ कोंडते आणि वरचे शेंगदाणे, मुगाचे मोड नरम पडतात. करीला यातलं काहीच बाधत नाही. ती पातळ असते, गरम राहते, आणि थोडी मुरली तर उलट बरी लागते. म्हणून माझा हिशेब असा: करी मागवली तरी चालेल, पॅड थाय घरीच करावं.

सामानाला घाबरायचं कारण नाही. शेंगदाणे, चिंच, गूळ, लसूण, मूग, तिखट, लिंबू आणि पातीचा कांदा, हे सगळं लक्ष्मी मंडईत आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आहेच. शेंगाचटणीच्या गावाला शेंगदाण्याचा पत्ता कोणी सांगावा? मिरची आणि भुईमूग दोन्ही मूळ अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्यांच्या व्यापारातून मिरची इकडेही आली आणि सयामकडेही गेली. पॅड थायला तर फार वय नाही. सयामचं नाव 1939 मध्ये थायलंड झालं, त्या सुमाराला पंतप्रधान फिबुनसोंग्क्राम यांच्या सरकारने या नूडल्सचा देशभर प्रसार केला. परतण्याची रीत चिनी, चव थायी. बाहेरून आणायच्या त्या फक्त पसरट तांदळाच्या नूडल्स आणि माशाचा सॉस किंवा फिकट सोया सॉस.

मोडांपासून सुरुवात करू, कारण त्यांना वेळ लागतो. उसळीसाठी मोड जरा दिसले की आपण थांबतो. इथे तेच मूग अंधारात झाकून आणखी तीन-चार दिवस वाढू द्यायचे, पांढरे, लांब, कुरकुरीत होईपर्यंत. दिवसातून दोनदा धुवावे. आपल्या उन्हाळ्यात तीनदा, नाहीतर वास मारतात.

नूडल्स उकळू नयेत, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. बोटाभोवती गुंडाळता आल्या पण दातांखाली अजून कच्च्या लागल्या, की काढून निथळायला ठेवा. उरलेलं शिजणं कढईत होतं.

दोन ताटांसाठी दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, तेवढाच चिरलेला गूळ आणि तेवढाच माशाचा सॉस मंद आचेवर विरघळवून घ्या. शाकाहारी घरात सोया सॉस आणि चवीपुरतं मीठ. चायनीजच्या गाड्यावरचा काळा सोया नको, ताट काळं होतं. हा रस नुसता चाखला तर चांगलाच आंबट-गोड-खारट लागला पाहिजे. नूडल्स त्याला सौम्य करतात.

शेंगदाण्याच्या बाबतीत सोलापूरकराला आपली सवय मोडावी लागते. चटणीसाठी आपण तेल सुटेपर्यंत कुटतो. इथे तेल सुटलं की काम बिघडलं. खमंग भाजून, सालं पाखडून, खलबत्त्यात चार-सहा घाव घालायचे आणि थांबायचं. काही अर्धे, काही पाव, थोडा कूट, असा भरड माल हवा.

आता लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. हॉटेलातल्या भट्टीची आग मोठी असते, आपल्या शेगडीची नाही, म्हणून एका वेळी दोन ताटांहून जास्त घालू नका. कढई गच्च भरली की ती थंड पडते, पाणी सुटतं आणि नूडल्सचा लगदा होतो. तेलात लसूण, मग टोफूचे तुकडे किंवा कोळंबी. त्यावर नूडल्स आणि रस. दोन-तीन मिनिटं सतत हलवा. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारा. नूडल्स एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडं फोडा, ते थिजत आलं की मिसळा. गॅस बंद करून मोड आणि पात, ताटात शेंगदाणे, तिखट आणि लिंबाची फोड. लगेच खा. दहा मिनिटं थांबलात तर डब्यातलं आणि घरातलं सारखंच.

करी घरी करायची हौस असेल तर गवती चहाचा बुडखा, सब्जाची पानं आणि ताजा नारळ आपल्याकडे मिळतो. सब्जाची आणि थाय गोड तुळशीची जात एकच. गलंगल हा आल्याच्या कुळातला कंद मात्र ताजा मिळणं अवघड. नारळाचं पहिलं जाड दूध आधी कढईत तेल सुटेपर्यंत आटवायचं, त्या तेलात वाटण परतायचं आणि मग पातळ दूध घालायचं. डबाबंद दुधात ते फुटू नये म्हणून बहुतेकदा काहीतरी मिसळलेलं असतं, त्यामुळे तेल सुटायची वाट पाहण्यात अर्थ नाही. थोडं तेल वरून घाला.

करी मागवताना भात मागवू नका, घरी लावा. स्वस्त पडतो आणि गरम मिळतो. आणि घर शाकाहारी असेल तर आणखी एक काळजी. व्हेज ग्रीन करीत भाज्याच असतात, पण तयार वाटणात बहुधा आंबवलेली कोळंबी असते आणि खारटपणा माशाच्या सॉसचा. घरी वाटण विकत आणताना पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका बघा. हॉटेलला ऑर्डर देण्याआधी फोन करून थेट विचारा: वाटण कोणतं वापरता, आणि त्यात कोळंबी आहे का? उत्तर चाचरत आलं तर त्या दिवशी दुसरं काहीतरी मागवा.