नवजात बालकाचे पहिले २८ दिवस

बाळ जन्मास आलें, नाळ कापली, पेढे वांटले गेले, कीं मोठें संकट टळलें अशी सर्वसाधारण समजूत असते. वैद्यकशास्त्राचा अनुभव निराळा आहे. जगांत पांच वर्षांखालील जीं बालकें दगावतात, त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच जातात. या काळाचा बहुतेक भाग बाळ घरींच असतें. म्हणून तो निभावून नेण्याचा भार इस्पितळाइतकाच घरावरही पडतो. घराला तो पेलतां येतो, हें ज्या प्रयोगानें दाखवून दिलें तो कोणत्याही महानगरांत झालेला नाहीं. तो झाला जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यप्रदेशांत.

चांदा म्हणजे आजचें चंद्रपूर. १९८२ सालीं या जिल्ह्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि १९८६ सालीं डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. त्यांनीं प्रथम हातीं घेतला तो बालकांचा न्यूमोनिया. साधें पडसें नाकाघशापुरतें राहतें. न्यूमोनियांत फुप्फुसाच्या वायुकोशांत स्राव भरतो, श्वास खोल जात नाहीं आणि ती उणीव बालक श्वासाचा वेग वाढवून भरून काढूं पाहतें. म्हणून श्वास मोजले कीं रोग सांपडतो. परंतु गांवच्या सुइणीला शंभरापर्यंत मोजतां येत नसे. तिच्यासाठीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि सरकते मणी यांचें एक साधन बनविण्यांत आलें. दर दहा श्वासांमागें एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी आला तर औषध सुरू करावयाचें. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत या प्रयोगाचा वृत्तांत आला. उपचाराच्या गांवांत न्यूमोनियाचे मृत्यु तुलनेच्या गांवांहून ५४ टक्क्यांनीं कमी होते.

हेंच गणित घरींही करतां येतें. बाळ शांत असतांना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंत ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास भरले, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालचा भाग आंत ओढला गेला, तर तें नुसतें पडसें नव्हे.

यानंतर ३९ गांवांत नवजात बालकांवर लक्ष केंद्रित झालें. थोडें शिक्षण झालेल्या गांवच्याच स्त्रिया ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या घरोघर जाऊन बाळाचें वजन करीत, उष्णतामान पाहत, आईला स्तनपानाविषयीं सल्ला देत आणि जंतुदोष ओळखून शिकविल्याप्रमाणें औषध देत. जंतुदोष झालेल्या शंभर बालकांपैकीं पूर्वीं सुमारें सतरा दगावत. उपचारानंतर सुमारें तीन. दर हजार जन्मांमागें नवजात मृत्यूंचें प्रमाण ६२ होतें, तें १९९८ पर्यंत सुमारें २५ वर आलें. तुलनेच्या गांवांत तें फारसें हललें नाहीं.

या यशाचें मर्म वेळीं ओळखण्यांत आहे, कारण अर्भकाचा आजार मुकाट्यानें येतो. मोठ्या माणसाला ताप चढतो, तो कण्हतो. अर्भकाचें अंग उलट गारही पडूं शकतें. काल जोरानें दूध ओढणारें बाळ आज सुस्तावतें, त्याचें रडणें क्षीण होतें, आणि घरांतील मंडळी ‘आज किती शहाण्यासारखें निजलें आहे!’ म्हणून समाधान मानतात. रडणें वा दूध ओढणें मंदावणें, अंग शिथिल, तापलेलें अथवा गार लागणें, बेंबीला वा त्वचेवर पू दिसणें, पोट फुगणें, वारंवार उलटी होणें, श्वास घेतांना कण्हणें, हीं तीं लक्षणें होत. आरोग्यदूत यांपैकीं दोन एकत्र दिसण्याची वाट पाहत. जेथें डॉक्टर हांकेच्या अंतरावर आहे तेथें एकच लक्षण पुरेसें मानावें, आणि सकाळ होण्याची वाट पाहूं नये.

प्रतिबंध त्याहून सोपा आहे. बाळाला घेण्यापूर्वीं प्रत्येकानें साबणानें हात धुवावे. पहिल्या तासांतच स्तनपान सुरू करावें. चीक टाकूं नये. मध, साखरपाणी वा गुटी चाटवूं नये. नाळ कोरडी ठेवावी, तिच्यावर कांहींही लावूं नये. डोकें झांकावें, वजन अडीच किलोहून कमी असल्यास बाळाला आईच्या छातीशीं त्वचेला त्वचा लावून ठेवावें. पहिल्या आठवड्यांत वजन थोडें उतरतें, पण दोन आठवड्यांत तें भरून न आल्यास डॉक्टरांस दाखवावें. जन्मतःच द्यावयाच्या बी.सी.जी., पोलिओ व कावीळ-ब या लसी चुकवूं नयेत.

२०११ सालीं भारत सरकारनें ही घरभेटीची पद्धति ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली. इस्पितळांत जन्मलेल्या बाळाच्या घरींही तिनें तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळां जावें, असें त्यांत ठरलें आहे. सुशिक्षित घरांत उष्णतामापक असतो, घड्याळ असतें, डॉक्टरही जवळ असतो. उणीव असेल तर ती रोज थांबून बाळाकडे पाहण्याची. अरण्यांतील खेड्यांत हजारामागें सदतीस बालकें वांचलीं तीं प्रथम या पाहण्यामुळेंच.