बीफ चिवट होतं, दोष फक्त बैलाचा नसतो

गेल्या फेस्ताला आमच्याकडे बीफ रोस्ट होता. मसाला झकास, वास घरभर. पण मामांनी दोन घास चघळले आणि ताटाच्या कडेला ठेवले. “बैल म्हातारा असणार,” मामी म्हणाली. आपण सगळे असंच म्हणतो. ते अर्धंच खरं आहे.

जातीचा फरक पडतो, हे मान्य. मांस कापल्यावर त्यातलीच काही द्रव्यं तंतू हळूहळू सैल करतात. वशिंडाच्या गुरांत या द्रव्यांना रोखणारा घटक जास्त असतो, म्हणून त्यांचं मांस सावकाश मऊ होतं. अमेरिकेतली ब्राह्मण जात आपल्याकडच्या गीर, ओंगोल, गुजरातची कांकरेज आणि बेळगाव-सांगलीकडची कृष्णा खोरी या गुरांपासून तयार झाली. ऑस्ट्रेलियात मांसाची प्रत ठरवताना वशिंडाची उंचीही मोजतात. जपानच्या वाग्यूच्या मांसात चरबीच्या बारीक रेघा असतात, म्हणून ते तोंडात विरघळतं.

पण गोव्यात १९७८ च्या कायद्याने गोहत्या बंद आहे. बाजारात येतो तो बहुधा राबून थकलेला बैल किंवा रेडा. जात निवडणं आपल्या हाती नाही. पुढचं मात्र आहे.

एक, जनावराला विसावा. दूरच्या प्रवासात उपाशी, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते. ती असेल तरच कापल्यावर मांसात आम्ल तयार होतं आणि पीएच ७ वरून ५.५ च्या आसपास उतरतो. नसेल तर मांस काळपट, चिकट राहतं आणि लवकर खराब होतं. मुक्या जिवाला पाणी आणि विश्रांती द्यावी, ही दया तर आहेच, शहाणपणही आहे.

दोन, थंड करण्याची वेळ. कापल्यावर काही तासांनी मांस ताठरतं. त्याआधीच ते एकदम गार केलं तर तंतू आखडतात आणि ते चामड्यासारखं होतं. आपण काय करतो? पहाटेचं ‘गरम, ताजं’ मांस आणतो आणि थेट फ्रीझरमध्ये टाकतो!

तीन, टांगून ठेवणं. हाडासकट टांगलेल्या मांसाचे तंतू ताणलेले राहतात. शून्य ते चार अंशांत दहा-चौदा दिवस ठेवलं तर ते बरंच मऊ होतं. एवढं आपल्याला जमणार नाही. पण एक-दोन दिवस शीतगृहात राहिलेलं मांस ‘ताज्या’पेक्षा सरस, हे खाटकाला सांगून मागता येईल. उघड्यावर ठेवलेलं शिळं मांस मात्र घेऊच नका.

घरीही ते दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, मग तंतूंना आडवं कापा. पायाच्या, मानेच्या मांसाला मात्र टांगून फारसा उपयोग नाही. वयाबरोबर त्यातल्या शिरा पक्क्या होतात, त्यांना मंद आचेवर दोन-तीन तास रटरटणं हाच उपाय.

बीफचा विषय काही शेजाऱ्यांना नाजूक वाटतो, याची जाण आहे. पण जीव घेतलाच आहे, तर त्याचं मांस ताटाच्या कडेला जाऊ नये. पंचायती आणि पालिकांनी मांसबाजारात नवे ओटे बांधताना चार आकडे आणि एक थंड खोली धरावी, एवढीच विनंती.

— एक वाचक, सासष्टी