मुळांचे सोबती आणि जमिनीचा प्रकार

बुरशीचा पाठ शिकविताना आपण शिळ्या भाकरीवरील थर, ज्वारीवरील काणी आणि गव्हावरील तांबेरा ही उदाहरणे देतो. ती यथार्थच आहेत. परंतु पाठ एवढ्यावरच संपला, तर बुरशी म्हणजे रोग हे समीकरण मुलांच्या मनात कायमचे बसते. यांतील अनेक मुले उद्या शेत कसणार आहेत. ज्या कवकांच्या साहाय्याने त्यांच्या शेतातील बहुतेक पिके पोसली जातात, त्यांची ओळख शाळेत झाली नाही, तर ती पुढे होण्याचा संभव थोडा. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहे.

मूळ व कवक यांचा व्यवहार

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘कवक-मूळ’ असा होतो. हे सहजीवन मात्र फार पुरातन आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या अवशेषांतही अशी कवके आढळतात.

ज्वारी, बाजरी, तूर, कांदा, आंबा इत्यादींच्या मुळांत राहणारे कवक पेशीत शिरून झाडासारख्या फांद्या करते. त्याचे तंतू मुळाबाहेर मातीत कित्येक सेंटिमीटर पसरतात. तंतूची जाडी सामान्यतः २ ते १० मायक्रोमीटर, तर माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर असतो. स्फुरद मातीतून फार मंद गतीने सरकतो. म्हणून मुळालगतचा एकदोन मिलिमीटरांचा पट्टा लवकरच रिता होतो. त्यापलीकडील स्फुरद व जस्त हे तंतू आणून देतात आणि मोबदल्यात पिकाकडून साखर व स्निग्ध पदार्थ घेतात.

येथे दोन गैरसमज टाळावेत. तूर व भुईमूग यांच्या मुळांवरील गाठी जिवाणूंच्या असतात, या कवकांच्या नव्हेत. तसेच सर्वच पिके हा व्यवहार करीत नाहीत. मोहरी, मुळा, कोबी, पालक व राजगिरा यांची मुळे सामान्यतः या कवकांवाचूनच राहतात.

जमिनीप्रमाणे पडणारा फरक

कोकणातील जांभ्याची जमीन आम्ल असते. तीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. साहजिकच तेथे पिकाला सोबत्याची गरज अधिक. आम्लता सोसणारी कवकेच तेथे टिकतात. उदाहरणार्थ, अकॉलोस्पोरा या गटातील कवके आम्ल जमिनीत पुष्कळ ठिकाणी सापडतात.

देशावरील काळ्या जमिनीत चुनखडी असते व स्फुरद चुन्याशी बांधला जातो. चिकणमातीच्या ज्या सूक्ष्म छिद्रांत मुळाचा शिरकाव होत नाही, तेथे कवकाचा तंतू जातो. मात्र कवकाला प्राणवायू लागतो. पावसाळ्यात काळ्या रानात पाणी तुंबले, की त्याची वाढ खुंटते. निचऱ्याचे महत्त्व सांगताना हे कारणही अवश्य सांगावे. भातखाचरात पाणी साचलेले असताना हे सहजीवन असेच क्षीण होते. पण तेथे पाण्यामुळे स्फुरदही काहीसा मोकळा होतो, त्यामुळे उणीव तितकी जाणवत नाही.

मुरमाड व वाळूमिश्रित जमिनीत छिद्रे मोठी असल्याने तंतू सहज पसरतात आणि मातीचे कण एकमेकांस बांधून ठेवतात. परंतु या कवकांची वस्ती मुख्यतः वरच्या थरात असते. उतारावरील तो थर वाहून गेला, की मातीबरोबर हे सोबतीही जातात. बांधबंदिस्तीने केवळ मातीच राखली जाते असे नाही.

जमिनीइतकीच वहिवाटही महत्त्वाची आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात काळ्या जमिनी वर्षाहून अधिक काळ पडीक ठेवल्यावर, ओल भरपूर असूनही पुढील पीक खुरटे येई व त्यात स्फुरद आणि जस्त यांची कमतरता दिसे. जिवंत मुळांअभावी जमिनीतील ही कवके घटली होती, असे १९८० च्या दशकातील संशोधनात दिसून आले. याउलट, स्फुरदयुक्त खताचा मारा केला तर पीकच सोबत्याला फारसा थारा देत नाही. म्हणून बाजारातील कवकयुक्त खताचा गुण प्रत्येक शेतात सारखाच येईल अशी अपेक्षा करू नये. आधी आपली जमीन कोणती, तीत स्फुरद किती, याची माती परीक्षणाने खात्री करावी.

वर्गात करावयाचा प्रयोग

हे कवक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही; परिणामावरून त्याचे अनुमान करावे लागते.

१. शाळेजवळच्या, खत न घातलेल्या जागेतील माती चाळून शिक्षकांनी स्वतः तासभर वाफवावी व आठवडाभर झाकून ठेवावी.

२. ती सहा कुंड्यांत सारखी भरावी. तीन कुंड्यांत ज्वारीच्या उभ्या पिकातील मूठभर माती बारीक मुळांसह मिसळावी. उरलेल्या तीन कुंड्यांत तशीच मूठभर माती, पण वाफवून, मिसळावी.

३. सर्व कुंड्यांत कांद्याचे बी पेरावे, पाणी सारखेच द्यावे आणि आठ आठवडे दर शनिवारी मुलांकडून उंचीची नोंद करवावी.

गावात काळी व मुरमाड अशा दोन्ही जमिनी असल्यास दोन्हींचे संच करून तुलना करावी. ताज्या मातीबरोबर इतर सूक्ष्मजीवही येतात, म्हणून दिसेल त्या फरकाचे सारे श्रेय कवकाला देऊ नये. फरक दिसला नाही, तर आकडे बदलू नयेत. मातीत स्फुरद पुरेसा असेल काय, पाणी तुंबले असेल काय, हे प्रश्न मुलांनाच विचारावेत. नोंदवही खरी राहिली, तर न साधलेल्या प्रयोगातूनही मुले आपल्या गावची जमीन वाचावयास शिकतील.