शिंपली उघडली, पण शिजली का?

माझी धाकटी बहीण लग्न होऊन रत्नागिरीला गेली, तेव्हा आमच्या नागपूरच्या घरात पहिली चर्चा रंगली ती शिंपल्यांची. आम्ही हनफी, आमच्याकडे पाण्यातला खाण्याजोगा जीव म्हणजे फक्त मासा. तिचं सासर कोकणी, शाफई. तिथे तिसऱ्या, कालवं, शिनाणे घरोघरी शिजतात आणि त्यांच्या मस्लकात ते हलालही आहे. बुजुर्गांनी तो विषय हसतखेळत मिटवला.

गेल्या वर्षी मात्र तिचा फोन आला तो वेगळ्याच काळजीचा. "आपा, जाऊबाईंच्या मुलाला कावीळ झालीय. डॉक्टर विचारतात, महिना-दीड महिन्यात शिंपल्या कुठल्या खाल्ल्या? आता कुणाला आठवणार?"

खरंच, कुणाला आठवणार? हेपेटायटिस ए चा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जाऊ शकतात. तोवर टरफलं कधीच उकिरड्यावर गेलेली असतात. दोष शिंपल्यांचा की पाण्याचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मुलगा बरा झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा प्रश्न डोक्यातून जाईना.

शिंपली जागेवर बसून पाणी आत ओढते, त्यातलं अन्न गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. मोठं कालव दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात गावाचं सांडपाणी मिसळलं असेल, तर माणसाच्या विष्ठेतले विषाणूही त्याच्या पचनग्रंथीत साठत जातात. शिंपली स्वतः आजारी पडत नाही, तिचा रंग किंवा वास बदलत नाही. चीनमधल्या शांघायमध्ये १९८८ च्या सुरुवातीला जवळपास तीन लाख लोकांना कावीळ झाली, ती अशाच शिंपल्यांमुळे. लोक त्या नुसत्या गरम पाण्यात बुडवून, जवळजवळ कच्च्याच खात.

मग तपासणी कशाची करतात? बहुतेक ठिकाणी ई. कोलाय या जिवाणूची. तो सापडला म्हणजे मैला मिसळला. युरोपात शंभर ग्रॅम मांसातल्या या जिवाणूच्या संख्येवरून शिंपल्यांच्या शेतीचे पट्टे अ, ब, क असे ठरवतात. दूषित शिंपल्या स्वच्छ पाण्यात दोन-एक दिवस ठेवल्या की जिवाणू बरेचसे निघून जातात. विषाणू मात्र आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. म्हणजे जिवाणूंच्या परीक्षेत पास झालेली शिंपली विषाणूंच्या परीक्षेत नापास होऊ शकते! म्हणून शिंपलीची पचनग्रंथी काढून आरटी-पीसीआरने नोरोव्हायरस आणि हेपेटायटिस ए शोधण्याची पद्धत आली. पाण्यात विषाणू इतके विरळ असतात की कित्येक लिटर पाणी आटवावं, गाळावं लागतं. शिंपलीने ते काम आधीच केलेलं असतं. मात्र पीसीआरला विषाणूचे तुकडे दिसतात, तो जिवंत आहे की मेला, हे त्यातून कळत नाही.

पाण्यात विषाणू शोधणं आपल्याला नवं नाही. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यात पोलिओचा विषाणू तपासला जाऊ लागला. कोविडच्या काळात आमच्या नागपूरच्या नीरी संस्थेनेही सांडपाण्यात कोरोनाचा माग काढला. बाजारातल्या तिसऱ्यांच्या टोपलीवर मात्र असा कुठलाही शिक्का नसतो.

आणि हा प्रश्न फक्त खाणाऱ्यांचा नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांत बचत गटांच्या बाया बांबूच्या तराफ्याला दोर टांगून कालवं, शिनाणे वाढवतात. राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान त्यांना मदत करतं. महिनोन्महिने चिखलात राबणाऱ्या या बायांचा माल एका साथीच्या बातमीने पडून राहील. खाडीत मैला सोडणारं कुणी दुसरंच असेल, नुकसान मात्र यांचं! तराफा गटाराच्या तोंडापासून लांब हवा, जोराच्या पावसानंतर काही दिवस काढणी टाळायला हवी. पण गटार कुठे सोडायचं, हे त्या बायांच्या हातात कुठे असतं?

स्वयंपाकघरातलं मात्र आपल्या हातात आहे. कवच उघडलं की शिंपली शिजली, असं आपण धरून चालतो, पण कवच बरंच आधी उघडतं. विषाणू मरायला आतलं मांस ८५ ते ९० अंशांपर्यंत तापून दीड मिनिट तसंच राहावं लागतं. म्हणून कवच उघडल्यावरही पाचेक मिनिटं खळखळ उकळू द्यावं. कच्च्या शिंपल्यांची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नये. हेपेटायटिस ए ची लस मिळते, मुलांच्या डॉक्टरांना विचारून ठेवावं.

बहिणीला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, "पाच मिनिटं उकळल्या तर रबर होतील, आपा! सासूबाई काय म्हणतील?" आठवड्याने तिचाच फोन आला. वाटप जरा जास्त घालून रस्सा केला, सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. मला बोलावणंही आलंय. मी तिला सांगून ठेवलंय, माझ्यासाठी सुरमई आणून ठेव.