नार्कोलेप्सी : झोप, लक्ष आणि मेंदूतील जोडण्या

गतवर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात जानेफळ परिसरातील दहावीच्या एका विद्यार्थ्यास आणण्यात आले. रात्री पुरेशी झोप घेऊनही तो वर्गात बसल्या जागी झोपी जाई. हसू अनावर झाले की गुडघ्यांतील बळ जाऊन खाली बसे. शुद्ध मात्र हरपत नसे. कोणी त्यास आळशी म्हटले, कोणी फेफरे ठरविले. घरच्यांनी उतारेही टाकले होते. आईची तक्रार निराळीच होती : 'याच्या काही लक्षात राहत नाही.' नागपूरला रात्रीच्या व दुसऱ्या दिवशीच्या निद्राचाचणीनंतर नार्कोलेप्सीचे निदान झाले.

हे नाव फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० मध्ये दिले. कारण उलगडण्यास २००० साल उजाडले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस या भागात पन्नास ते ऐंशी हजारांच्या आसपास पेशी ओरेक्सिन हे रसायन तयार करतात. त्यांचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूत पसरलेले असून तेच आपणांस जागे ठेवतात. हसताना बळ जाणाऱ्या रुग्णांत यांपैकी बहुतेक पेशी नष्ट झालेल्या आढळतात. एवढ्याशा पेशी गेल्याने दूरदूरच्या भागांतील ताळमेळ बिघडतो. एमआरआयद्वारे झालेल्या अभ्यासांत लक्ष देणारी जाळी व विश्रांतीच्या वेळी कार्यरत असणारे जाळे यांच्या जोडण्या निरोगी व्यक्तींहून वेगळ्या दिसल्या आहेत. रुग्णसंख्या लहान व निष्कर्ष एकसारखे नसल्याने यावरून निदान केले जात नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

मग विसरणे कशामुळे? चाचण्यांत अनेक रुग्णांची स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत निघते; ढळते ते दीर्घकाळ टिकवावयाचे लक्ष. जागे राहण्यातच बळ खर्ची पडते. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, रोजकीर्दीत नोंदच झाली नाही तर ती खतावणीत कोठून येणार? अशा मुलास मंदबुद्धी म्हणणे हा अन्यायच होय.

व्याधी समूळ बरी होत नाही. मोडाफिनिलसारखी औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात. दुपारी ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची झोप उपयोगी पडते. मोटारसायकल चालविणे व विहिरीत एकट्याने पोहणे मात्र या मुलास बंद करावे लागले. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत झोपण्यास जागा दिली, व मार्चमध्ये त्याने परीक्षा दिली.

निद्राचाचणीची सोय आपल्याकडे नाही. रुग्णास मोठ्या शहरी न्यावयाचे म्हणजे सोबत्याची दोन दिवसांची मजुरी बुडते. यास्तव अशा रुग्णांचा व सोबत्याचा प्रवासखर्च गरीब रुग्ण निधीतून देण्याचे विश्वस्त मंडळाने मान्य केले आहे.